झोंबणारी मिरची आणि ताकाची वाटी

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात झालेल्या भाषणाची संहिता)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून सहसा मोठे विषय मांडले जातात. भाषा, संस्कृती, शिक्षण, समाज हे शब्द अशा प्रसंगी हमखास ऐकू येतात. आजचा विषय मात्र ताटाच्या डाव्या बाजूचा आहे. मीठ, लिंबू, चटणी, लोणचे आणि त्यांच्या शेजारी निमूट पडलेली एक मिरची. ताटातील सर्वांत लहान पदार्थ हाच. पण एका घासात सगळ्या पंगतीचे लक्ष स्वतःकडे वळवण्याचे सामर्थ्य याच पदार्थात आहे. न कळत अतितिखट मिरची दाताखाली येणे, डोळ्यांत पाणी उभे राहणे, आणि त्या आगीतून माणसाने सावरणे, एवढाच या भाषणाचा विस्तार. त्या एवढ्याशा विस्तारात रसायनशास्त्र आहे, इतिहास आहे, भाषा आहे, आणि मुलांशी कसे वागावे हा प्रश्नही आहे. म्हणून तो शाळेच्या अंगणात मांडण्याजोगा आहे.

रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात या विषयाला आणखी एक परिमाण मिळते. जुन्या रायपूरची ही वस्ती. कंकाली तलावाचा शेजार, १९०८ साली स्थापन झालेले आनंद समाज वाचनालय, अरुंद गल्ल्या आणि हाकेच्या अंतरावरचा गोलबाजार. छत्तीसगडात मराठी माणूस आला तो भोसल्यांच्या काळात. १७४१ मध्ये भास्करपंतांची स्वारी झाली, १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले, आणि १८१८ नंतर कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपुरास आले. कोणी कारकुनीसाठी, कोणी वकिलीसाठी, कोणी शिक्षकीसाठी, तर कोणी पुढे रेल्वेच्या नोकरीसाठी या मुलखात उतरले आणि येथलेच झाले. मातृभाषा मराठी असलेल्या माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, वामनराव लाखे यांनी त्याच्या प्रकाशनाची धुरा वाहिली, आणि सप्र्यांनीच ‘दासबोध’ व ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. ही देवघेव ग्रंथांपुरती राहिली नाही. ती स्वयंपाकघरातही झाली.

ब्राह्मणपाऱ्यातील मराठी घरात नागपूर-वऱ्हाडाकडचा ठेचा आला, वडाभात आला, पाटोडीरस्सा आला, ताकात भिजवून उन्हात वाळवलेली सांडगी मिरची आली. शेजारच्या छत्तीसगडी घरात रात्रीचा भात पाण्यात भिजवून सकाळी खाण्याची बासीची रीत होती. सोबत कांदा, हिरवी मिरची आणि पाटावर वाटलेली पतालची, म्हणजे टोमॅटोची, चटणी. दोन्ही घरांना तिखट प्रिय. पण तिखटाची मापे वेगळी. त्यामुळे एका घरची ‘बेताची’ मिरची दुसऱ्या घरच्या पाहुण्याला अनपेक्षितपणे झोंबणे, हा या वस्तीतल्या शेजारधर्माचाच एक भाग होऊन गेला. ठुशीसारख्या बुटक्या, आकाशाकडे तोंड करून लागणाऱ्या परसातल्या मिरचीने आकारावरून तिखटपणा ओळखणाऱ्यांची अशी फसगत पुष्कळदा केलेली आहे.

प्रथम इतिहास पाहू जाता एक नवल हाती लागते. ज्या मिरचीवाचून मराठी जेवण सुचत नाही, ती मिरची ज्ञानेश्वरांच्या काळात या देशात नव्हती. ‘ज्ञानेश्वरी’ सिद्ध झाली १२९० मध्ये. मिरचीची मायभूमी असलेल्या अमेरिका खंडाकडे कोलंबस निघाला १४९२ मध्ये. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला पोहोचला, १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतला, आणि सोळाव्या शतकात त्यांच्या व्यापाराबरोबर मिरची पश्चिम किनाऱ्यावर उतरली. तत्पूर्वी येथील तिखटपणा होता तो मिऱ्याचा, सुंठीचा, पिंपळीचा. आयुर्वेदातले त्रिकटू म्हणजे हेच तिघे. नवी पाहुणी आली तेव्हा लोकांनी तिला जुन्या मिऱ्यावरून ‘मिरची’ म्हटले आणि घरात घेतले. एकदा घरात घेतल्यावर तिची कुळेही तयार झाली. नागपूर जिल्ह्यातील भिवापूरची मिरची, गोव्यातील काणकोणजवळची खोला मिरची, हावेरीकडची ब्याडगी, कोल्हापूरच्या सीमेवरची संकेश्वरी, आणि आकाराने लहान पण गुणाने दांडगी लवंगी. खानदेशात नंदुरबारच्या बाजारात लाल मिरचीचे गालिचे उन्हात पसरलेले दिसतात. पाहुणी म्हणून आलेली वस्तू चार-पाच शतकांत एखाद्या मुलखाची ओळख होऊन बसते, हे परमुलखात रुजलेल्या कुटुंबांना निराळे सांगावे लागत नाही.

भाषेनेही या अनुभवाची नोंद मोठ्या बारकाईने ठेवली आहे. संस्कृतात ‘कटु’ म्हणजे तिखट आणि ‘तिक्त’ म्हणजे कडू. मराठीत ‘कटु’चा ‘कडू’ झाला आणि त्याने अर्थच पालटला. तिखटासाठी ‘तीक्ष्ण’ या शब्दाच्या कुळातला ‘तिखट’ पुढे आला. छत्तीसगडीत तिखटाला ‘चुरपुर’ म्हणतात. शब्द उच्चारतानाच जिभेला चुरचुरल्यासारखे होते. इंग्रजीत ऊन पदार्थालाही ‘हॉट’ आणि तिखट पदार्थालाही ‘हॉट’. मराठीचे खरे धन मात्र तिच्या क्रियापदांत आहे. मिरची लागते, चुरचुरते, भाजते, आग करते, ठसका लावते, नाकाडोळ्यांतून पाणी काढते. आणि या सर्वांवर कडी करणारे क्रियापद म्हणजे ‘झोंबते’. झोंबणे म्हणजे अंगाला भिडणे, सोडवू जाता न सुटणे. कुस्तीतल्या झोंबीशी त्याचे नाते आहे. एखाद्याचे बोलणे लागले तर त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या असे म्हणतात. मिरचीचा कण जिभेवर नेमके काय करतो, हे विज्ञानाने अलीकडे दाखवून दिले. पण तो भिडतो आणि सुटत नाही, हे भाषेला आधीच ठाऊक होते.

आता त्या विज्ञानाकडे. मिरचीतील झोंबणाऱ्या द्रव्याचे नाव कॅप्सेसिन. १८१६ मध्ये बुखोल्त्स या जर्मन संशोधकाने ते अशुद्ध रूपात वेगळे केले. १८७६ मध्ये जॉन थ्रेश यांनी ते बरेच शुद्ध स्वरूपात मिळवून त्याला आजचे नाव दिले. १९१२ मध्ये विल्बर स्कोव्हिल या अमेरिकी औषधशास्त्रज्ञाने तिखटपणा मोजण्याची एक साधी रीत काढली. मिरचीचा अर्क साखरपाण्यात पातळ करीत जायचे, आणि चाखणाऱ्यांना तिखटपणा जाणवेनासा होईपर्यंत किती पट पातळ करावे लागले, तो आकडा मांडायचा. आज हे मोजमाप यंत्रांनी होते, पण एककाला नाव स्कोव्हिल यांचेच आहे. ढोबळी मिरची या मापावर शून्य; मेक्सिकोची हालापेन्यो साधारण अडीच ते आठ हजार; आणि ईशान्य भारतातील भूत जोलोकिया दहा लाखांच्या वर. २००७ मध्ये जगातील सर्वांत तिखट मिरची म्हणून गिनेस बुकात हिचीच नोंद झाली होती. त्यानंतर माणसाने मुद्दाम संकर करून तिच्याही पुढे जाणारी वाणे निर्माण केली. २०२३ मध्ये नोंदलेल्या ‘पेपर एक्स’ या वाणाचा आकडा २६ लाख ९३ हजार आहे. तहान लागली म्हणून विहीर खणणारा माणूस समजतो. आग लागावी म्हणून मिरची वाढवणारा माणूस समजायला जरा वेळ लागतो.

कॅप्सेसिनला स्वतःची चव नाही. गोड, आंबट, खारट, कडू ही चव जिभेवरच्या रुचिकलिकांना कळते; तिखट कळते ते वेदनेच्या नसांना. या नसांच्या टोकांवर एक ग्राही प्रथिन असते. त्याचे मूळ काम उष्णतेची सूचना देणे; साधारण ४३ अंश सेल्सियसच्या पुढे तापमान गेले की ते मेंदूला ‘भाजते आहे’ असा निरोप धाडते. कॅप्सेसिनचा कण नेमका याच ग्राहीला जाऊन भिडतो आणि थंड जिभेवरूनही तोच निरोप जातो. १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे ग्राही प्रथिन शोधून काढले, आणि २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्युलियस यांना आर्डेम पटापुटियन यांच्यासह मिळाले. म्हणजे ‘तोंडात आग झाली’ ही अतिशयोक्ती नव्हे. मेंदूला मिळालेल्या बातमीचे ते जसेच्या तसे वृत्त आहे. फरक एवढाच की वार्ताहर फसलेला आहे. जीभ भाजत नाही, फोड येत नाही. तरी शरीर आग विझवण्याची सारी तयारी करते. घाम येतो, नाक वाहते, लाळ सुटते, उचकी लागते.

पिंजऱ्यातल्या पोपटाला मिरची घालणारी घरे पुष्कळ. तो ती मिटक्या मारीत कसा खातो, याचे कोडे मुलांना पडते. उत्तर याच ग्राहीत आहे. पक्ष्यांच्या शरीरातील हे प्रथिन कॅप्सेसिनला दाद देत नाही. सस्तन प्राणी बी चावून नष्ट करतात. पक्षी ते अखंड गिळून दूरवर टाकतात. टेक्सबरी आणि नभान या संशोधकांनी २००१ मध्ये रानमिरचीवर केलेल्या अभ्यासातून हेच दाखवले. मिरचीचा तिखटपणा हा अशा रीतीने ‘तू खा, तू खाऊ नकोस’ असा निवडक निरोप आहे. माणसाने तो वाचला, आणि तरीही खाल्ली.

मग एखादी मिरची अचानक का झोंबते? भज्यांच्या परातीत नऊ गुळचट निघाव्यात आणि दहावीने प्राण कासावीस करावेत, असे का व्हावे? पहिले कारण असे की तिखटपणा वाणावर जसा अवलंबून असतो, तसा झाडाच्या हालअपेष्टांवरही असतो. पाण्याचा ताण, उन्हाची तीव्रता, फळाचे वय यांप्रमाणे एकाच शेतातल्या, किंबहुना एकाच झाडावरच्या दोन मिरच्यांत अंतर पडते. स्पेनमधील पाद्रोन गावच्या लहान हिरव्या मिरच्या यासाठीच प्रसिद्ध आहेत. बहुतेक सौम्य, एखादी जहाल, आणि ती कोणती हे चावल्याशिवाय कळत नाही. दुसरे कारण मिरचीच्या रचनेत आहे. पुष्कळांची समजूत अशी की तिखटपणा बियांत असतो. वस्तुतः तो तयार होतो बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गाभ्यात, आणि हा गाभा देठाकडे दाट असतो. मिरची खाणारा सुरुवात करतो शेंड्याकडून. पहिला घास सौम्य, दुसरा सौम्य, विश्वास बसतो. तिसरा घास देठाजवळ पोहोचतो आणि विश्वासघात होतो. त्यातही झोंबणे लगोलग येत नाही. ते काही क्षणांनी चढत जाते. तेवढ्या अवधीत माणूस आणखी एक घास घेऊन बसलेला असतो. बागेतली ढोबळी मिरची शेजारच्या लवंगीमुळे त्याच मोसमात तिखट झाली, ही तक्रार मात्र खरी नव्हे. गाभा हा मातृवृक्षाचाच भाग असल्याने परागाचा परिणाम त्या फळावर होत नाही. झाला तर त्या बियांपासून उगवणाऱ्या पुढच्या पिढीवर होतो.

झोंबल्यावर हात प्रथम जातो पाण्याच्या तांब्याकडे, आणि तेथेच फसतो. कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. गार पाण्याने घोट तोंडात असेपर्यंत बरे वाटते. घोट उतरला की आग परत येते. कॅप्सेसिन विरघळते ते स्निग्ध पदार्थात, आणि दुधातील केसीन हे प्रथिन त्याला धरून ठेवते असे मानले जाते. २०१९ मध्ये अमेरिकेतील पेन स्टेट विद्यापीठात वेगवेगळी पेये तिखटानंतर देऊन तुलना करण्यात आली, तेव्हा दूध सर्वांत गुणकारी ठरले. साईचे आणि साय काढलेले, दोन्ही. त्याअर्थी काम केवळ स्निग्धांशाचे नसावे. साखरेचे सरबतही उपयोगी ठरले. फसफसणारी पेये मात्र साध्या पाण्याच्या पुढे गेली नाहीत. आजीच्या हातची ताकाची वाटी, दहीभाताचा घास, गुळाचा खडा, भाकरीवरचा लोण्याचा गोळा, हे सारे उपाय प्रयोगशाळेच्या कसोटीला उतरण्याजोगे आहेत. छत्तीसगडी बासीची मांडणीही याच दृष्टीने पाहण्यासारखी आहे. मिरची चावायची आणि त्यावर गार, ओलसर भाताचा घास घ्यायचा. सोबत दही किंवा मही असेल तर उत्तमच. ज्याने ताटात मिरची वाढली त्यानेच शेजारी उताराही वाढला, हे दोन्ही परंपरांचे शहाणपण.

पालकांच्या उपयोगाचे काही व्यवहारही येथेच सांगितलेले बरे. मुलाला मिरची झोंबली तर उरलेला घास प्रथम थुंकू द्यावा. त्याला ताठ बसवावे. रडणाऱ्या वा ठसकणाऱ्या मुलाच्या तोंडात घाईने काहीही कोंबू नये, कारण आगीपेक्षा श्वास अडकण्याचा धोका मोठा. ठसका थांबल्यावर गार दूध, दही किंवा ताक थोडे थोडे द्यावे, आणि ते तोंडात क्षणभर घोळवायला सांगावे. एक वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये. मग कारण काहीही असो. मिरची चिरलेल्या हातांना प्रथम तेल चोळावे आणि मग साबणाने धुवावे. नुसत्या पाण्याने ते द्रव्य जात नाही, पसरते. डोळ्यांत गेले तर चोळू नये. वाहत्या स्वच्छ पाण्याने डोळा सुमारे पंधरा मिनिटे धुवावा. दूध, तूप, गुलाबपाणी असले काही डोळ्यात घालू नये. जिभेची साधी आग बहुधा पाव-अर्ध्या तासात आपोआप शमते. पण श्वास घेताना त्रास, ओठ वा चेहऱ्यावर सूज, न थांबणाऱ्या उलट्या, छातीत दुखणे किंवा ग्लानी दिसली तर घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांकडे न्यावे.

येथपर्यंतचा भाग शरीराचा झाला. मिरची झोंबल्यावर शरीरापेक्षा जास्त धडपड होते ती मनाची, आणि शाळेचा संबंध येतो तो याच ठिकाणी. पंगतीत एखाद्याच्या डोळ्यांत पाणी आले की शेजारी हसतात. ज्याला झोंबली तोही हसण्याचा प्रयत्न करतो, ‘काही नाही, काही नाही’ म्हणतो आणि लाल झालेले कान लपवतो. नव्याने घरात आलेली सून सासरच्या पहिल्या जेवणात अवंढा गिळते, पण ‘तिखट आहे’ असे म्हणत नाही. म्हटले तर रांधणाऱ्या हातांना दोष लागेल ही तिची भीती. मधल्या सुट्टीत डबे उघडले जातात, कोणीतरी मिरची पुढे करतो, ‘खाऊन दाखव’ म्हणतो. आणि आठ-नऊ वर्षांचा मुलगा केवळ भित्रा ठरू नये म्हणून ती देठापर्यंत खातो. तिखट सोसण्याला शौर्य समजण्याची ही खोड जुनी आहे. तिच्यापायी माणूस दुखते आहे असे म्हणायला लाजतो, आणि जो लाजतो त्याला मदत उशिरा मिळते.

ही खोड किती महाग पडू शकते याचे एक उदाहरण अलीकडचेच आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात चौदा वर्षांच्या एका मुलाने समाजमाध्यमांवर गाजणाऱ्या पैजेपायी अतितिखट मिरचीची भुकटी लावलेला एक चिप खाल्ला, आणि त्याच दिवशी त्याचा मृत्यू झाला. त्याच्या हृदयात जन्मजात दोष होता, हृदय वाढलेले होते, आणि त्यात कॅप्सेसिनच्या मोठ्या मात्रेची भर पडली, असे पुढे शवचिकित्सेत नमूद झाले. तो चिप उत्पादकांनी बाजारातून काढून घेतला. जून २०२४ मध्ये डेन्मार्कच्या अन्नविभागाने कोरियन झटपट शेवयांचे तीन प्रकार अतितिखटपणाच्या कारणावरून परत मागवले. फेरतपासणीनंतर त्यांतील काहींवरील बंदी उठली. तशा शेवया आणि तशी आव्हाने आज रायपूरच्या मुलांच्याही हाताशी आहेत. घरच्या ठेच्याने कोणाचे प्राण जात नाहीत. पण घरचा ठेचा आणि आव्हानाची भुकटी यांतला फरक मुलांना कोणीतरी सांगावा लागतो. कोणाच्या हृदयात काय दडले आहे, हे पैज लावणाऱ्या मित्राला ठाऊक नसते. पुष्कळदा आईवडिलांनाही नसते.

याहून कठोर अशी एक गोष्ट आहे. मिरचीचा उपयोग शिक्षेसाठी करण्याची कल्पना मिरचीइतकीच जुनी. मेक्सिकोत सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात तयार झालेल्या ‘कोडेक्स मेंडोझा’ या चित्रग्रंथात, अकरा वर्षांच्या मुलाला बाप मिरचीच्या धुरावर धरून शिक्षा करीत असल्याचे चित्र आहे. भारतातही ‘खोटे बोललास तर तोंडात तिखट घालीन’ ही धमकी कोणत्या पिढीने ऐकली नाही? बहुतेक घरांत ती धमकीच राहिली. काही घरांत राहिली नाही. जी वेदना मेंदूपर्यंत ‘भाजते आहे’ अशाच शब्दांत पोहोचते, ती मुलाला जाणूनबुजून देणे म्हणजे डाग न उमटणारा चटका देणे होय. डाग उमटत नाही एवढ्यासाठी ती शिक्षा सौम्य ठरत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेत शारीरिक शिक्षेला व मानसिक छळाला बंदी केली. घराच्या उंबरठ्याआत तो नियम कायद्याने पोहोचत नसला, तरी समजुतीने पोहोचला पाहिजे.

तिखट खायला माणूस शिकतो कसा, याचा अभ्यास पॉल रोझिन या मानसशास्त्रज्ञाने केला. त्यांनी आणि त्यांच्या सहकारी शिलर यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात मेक्सिकोतील एका खेड्याचे निरीक्षण आहे. तेथे लहान मुलांना तिखट खाण्याची सक्ती कोणी करीत नाही. मोठी माणसे आवडीने खातात, मुले पाहतात, थोडे चाखतात, नको झाले तर बाजूला सारतात. आणि हळूहळू त्यांना ते स्वतःहून आवडू लागते. त्याच घरांतली कुत्री आणि डुकरे रोज तीच मिरची घातलेली खरकटी खातात, पण त्यांना तिची गोडी लागत नाही. याचा अर्थ, मिरचीची आवड केवळ सवयीने येत नाही. ती येते सहवासाने, विश्वासाने आणि धोका नाही या खात्रीने. वेदना तीच असते. ती माणसाने स्वतः निवडली आणि थांबण्याची मोकळीक त्याच्या हाती राहिली, तर तिचा आनंद होतो. ती दुसऱ्याने लादली तर तिचा छळ होतो.

परमुलखातल्या मराठी शाळेला ही गोष्ट अपरिचित वाटू नये. घरी मराठी, गल्लीत छत्तीसगडी, बाजारात आणि कचेरीत हिंदी, अशा वातावरणात मराठी माध्यम निवडणे हीही एक तिखट निवड आहे. ती धाकाने टिकत नाही. घरातली मोठी माणसे ती भाषा चवीने बोलतात, वाचतात, तीत हसतात, भांडतात, हे पाहूनच मुलाला तिची गोडी लागते. मुलाच्या पुढ्यात वाढावे, त्याला चाखू द्यावे, अडखळला तर हसू नये, आणि जवळ दह्याची वाटी ठेवावी. ताटाच्या बाबतीत जे खरे, ते पाटीच्या बाबतीतही खरे आहे.

शेवटी एक साधी सूचना, हीरक महोत्सवाच्या पंगतीपुरती तरी पाळावी अशी. माजी विद्यार्थी दूरदूरहून येतील. कोणी पुण्यामुंबईत गोडसर आमटीला सरावलेला असेल, कोणी परदेशातून येताना तिखटाची सवयच विसरला असेल, कोणाचे लहान मूल पहिल्यांदाच विदर्भी तर्री चाखणार असेल. वाढणाऱ्याने दर पानाशी क्षणभर थांबून ‘जपून, तिखट आहे’ एवढे तीन शब्द म्हणावेत. खाणाऱ्याला झोंबलेच, तर त्याने संकोच न करता तसे सांगावे. रांधणाराचा अपमान त्यात नाही. शेजाऱ्याने हसण्याआधी ताकाची वाटी पुढे करावी. हसायचे असेल तर मग दोघांनी मिळून हसावे. आणि एखाद्या मुलाने मिरची ताटाच्या कडेला सारून ठेवली, तर ती तशीच राहू द्यावी. त्याच्या वयाला आणि त्याच्या इच्छेला आली की ती तो उचलेलच.